दोन आंघोळींचा भाडेकरू

माणसाची किंमत कोणी पैशात करतं, कोणी शिक्षणात, कोणी घराण्यात. ती बादलीत करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला मी पुण्याहून धुळ्याच्या एका हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून दाखल झालो, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि स्वतःच्या भाषाप्रभुत्वाबद्दल अतोनात गैरसमज एवढाच ऐवज होता. खोली शोधत एका गल्लीत शिरलो, तर एका फाटकातून असा काही वास आला की मी हातातला पत्ता विसरून तिथेच उभा राहिलो. सगळं गाव तव्यासारखं तापलेलं, आणि या फाटकाच्या आत मोगरा, जाई आणि आणखी कसकसली फुलं मिळून लग्नघर मांडून बसलेली. आतून धोतर-बंडीतले, पांढऱ्या टोपीचे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. खोली हवी म्हणताच त्यांनी माझ्याभोवती एक संपूर्ण प्रदक्षिणा घातली. जिनिंग फॅक्टरीत पस्तीस वर्षं कापसाच्या गाड्या काट्यावर घेण्यात त्यांची हयात गेली होती, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मात्र माझ्यात सरकी किती आणि रुई किती याचा अंदाज चालला आहे असंच वाटलं. "पाठ रुंद शे," ते स्वतःशी म्हणाले, "दीड बादली सहज लागेल." मग मला म्हणाले, "खोली घ्या. भाडं तुम्हीच ठरवा. पण दिवसाला दोन आंघोळी कराव्या लागतील, आणि मी सांगेन तिथे बसून."

मी हो म्हणालो. पुण्यात माझी आंघोळ हा आईच्या आणि माझ्यामधला रोजचा वादविषय होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गल्ली त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. माझ्याशी ते कचेरीतलं मराठी बोलत. आनंद झाला किंवा राग आला की सरळ अहिराणीवर उतरत. 'आहे'च्या जागी येणारा 'शे' मात्र दोन्हीकडे सारखाच. त्यांच्या वागण्याचं मूळ एका साध्या नेमात होतं. अंगणात विहीर होती, तिला पाणीही बरं होतं, पण विहिरीतलं नितळ पाणी फुलझाडाला घालायचं नाही. धुळ्यासारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात बायका पांझरा नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने हंडा भरतात, तिथे चांगलं पाणी वासाच्या फुलांवर ओतणं म्हणजे माज, असं त्यांचं म्हणणं. पाणी आधी माणसाच्या अंगावरून गेलं पाहिजे, नाहीतर तांदळावरून, भांड्यांवरून, मग झाडाकडे. म्हणजे झाडं वाढवायची तर माणसं हवीत. "लोके म्हनतस, पानी शे तं मानूस शे," आबा सांगत, "मी म्हनस, मानूस शे तं पानी शे." आणि ही बाग लावली तेव्हा घरात अकरा माणसं होती.

त्या अकरा माणसांच्या हिशेबाने ती लावलेली होती. प्रत्येक झाडाच्या आळ्यात एक सपाट दगड, त्यावर बसून ज्याची त्याने आंघोळ करायची. थोरल्या मुलाच्या पाण्यावर सोनचाफा, धाकट्याच्या पाण्यावर मदनबाण मोगरा, भावांच्या आणि पुतण्यांच्या पाण्यावर साध्या मोगऱ्याची आख्खी रांग. बायकांसाठी पत्र्याची न्हाणी होती, तिचा पाट एका अंगाने मुलीच्या जाईकडे आणि दुसऱ्या अंगाने आबांच्या पत्नीच्या अनंताकडे जाई. न्हाणीतून कोण बाहेर आलं त्याप्रमाणे आबा खुरप्याने पाटाचं तोंड इकडून तिकडे फिरवत. काळ्या चिकण मातीत सोनचाफा येत नाही असं सगळा खानदेश सांगतो. आबांचा आला होता, फक्त फुलं वर्षाला चार द्यायचा. "थोरल्याचीच पत्रं जशी," आबा म्हणत. धाकट्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "केस केवढे शेत?" मुलीकडच्यांना वाटलं, काय रसिक सासरा आहे. आबांच्या डोळ्यांसमोर शिकेकाईच्या न्हाण्याच्या चार बादल्या जाईकडे धावत होत्या. त्या सूनबाई नवऱ्याबरोबर सुरतेला गेल्या, आणि त्यांच्या केसांचं पाणी सुरतेच्या गटारात वाहतं ही गोष्ट आबांनी कधी मनातून माफ केली नाही.

मी गेलो तेव्हा अकरांतला एकच उरला होता. थोरला वरणगावच्या कारखान्यात, धाकटा सुरतेला गिरणीत, मुलगी साक्रीला सासरी. भाऊ, पुतणे आपापल्या वाटेने गेलेले. पत्नीला जाऊन दोन वर्षं झालेली. अकरा माणसांची बाग आणि एका माणसाची आंघोळ, अशी ती ओढाताण होती. या ओढगस्तीपायी आबा कोणालाही कोरडा परत जाऊ देत नसत. टपालवाल्याने फाटकातच हातपाय धुवायचे, ते निशिगंधाच्या वाफ्यात. रस्त्यापलीकडचे मारवाडी कापडवाले शेठजी गप्पा मारायला आले तर त्यांना चहाआधी तीन चुळा भरायला लावत, त्याही एकेका झाडाची दिशा धरून. एकदा माझ्या शाळेचे हेडमास्तर मला काही निरोप द्यायला आले आणि अर्ध्या तासाने ओल्या डोक्याने, पंचा गुंडाळून मोगऱ्याच्या रांगेतून बाहेर पडले. निरोप काय होता ते त्यांना आठवेना, मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

साबणाला बंदी होती. साबणाने मुळं जळतात. अंगाला हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. आता पुण्याच्या माणसाला याची सवय नाही. पीठ नीट धुतलं जात नसे, आणि मी घामाघूम होऊन वर्गात भावार्थ सांगू लागलो की पहिल्या बाकावरची पोरं भज्यांच्या आठवणीने अस्वस्थ होत. आंघोळीला आडोसा म्हणून दोन बांबूंना बांधलेलं गोणपाट होतं, ते आबा स्वतः ज्या त्या झाडापाशी रोवून देत आणि पलीकडे उभं राहून सूचना करत. "डाव्या खांद्यावरून घ्या, मास्तर. उजवीकडचं मूळ प्यायलं आता." मी जन्मात कधी इतक्या काटेकोरपणे ओला झालो नाही.

आबा स्वतः दोन आंघोळी करत. पहाटेची त्यांची, आणि दुपारी चार वाजताची अनंताच्या आळ्यात. दुसरीबद्दल मी एकदा विचारलं, तर ते अगदी सहज म्हणाले, "ती हिच्या वाटची." अनंत हे मुळात धुळ्याचं झाडच नव्हे. पानं पिवळी पडतात, कळ्या उमलायच्या आत गळतात. आबा त्याला ताक पाजत, गंजके खिळे पुरत, आणि पत्नीच्या वाटची आंघोळ कधी चुकवत नसत. पावसाच्या तोंडावर त्याला सात-आठ फुलं येत. ती आबा तोडत नसत, हुंगतही नसत. एका स्टुलावर त्याच्या शेजारी बसून मोडाची मटकी निवडत बसत.

एका जानेवारीत आबांना ताप भरला. खानदेशातली थंडी काय असते हे ज्याला माहीत आहे त्यालाच माझी पुढची हकिकत कळेल. खाटेवरून ते म्हणाले, "मास्तर, आजचा दिवस हिच्या वाटची तुम्ही करा. सकाळीच उरकून टाका, मग शाळा शे तुम्हाला." मी बादली घेऊन गोणपाटाआड गेलो. विहिरीचं पाणी तोंडावर मारलं आणि माझी सगळी माणुसकी गोठली. मग मी काय केलं, तर दगडावर उभा राहून तांब्या-तांब्याने पाणी थेट अनंताच्या बुंध्याशी ओतलं, आणि आवाज खरा वाटावा म्हणून मधूनमधून "हर हर गंगे" म्हणून अंगावर चापट्या मारल्या. असं नाटक शाळेच्या गॅदरिंगलाही मला कधी साधलं नव्हतं. बाहेर आलो तर आबा ताप अंगावर घेऊन पडवीच्या खांबाला धरून उभे. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला हात लावला. तो कोरडा ठणठणीत होता.

"हाई काय करं भाऊ तुम्ही?" ते हळूच म्हणाले. मला वाटलं, आळशीपणाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "नितळ पाणी मातीत घातलं? तेबी हिच्या झाडाला? ही म्हणेल, मी मेल्यावर माज आला घराला." आणि मी धरेपर्यंत त्यांनी दुसरी बादली ओढून घेतली आणि तापातच त्या दगडावर बसले. त्यानंतरचे आठ दिवस ते अंथरुणात होते, आणि ते आठ दिवस मी पहाटे उठून, दातांचा तालवाद्य म्हणून उपयोग करत, आबांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या वाटच्या दोन्ही आंघोळी इमानाने केल्या. त्यापुढे मात्र कधी कामचुकारपणा केला नाही. उलट एखाद्या दिवशी तिसरीसुद्धा करी. लोकांना वाटे, मास्तर फार सोवळे आहेत.

या बागेचा खरा सण मे महिन्यात. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुटतो, आणि शाळांना सुट्ट्याही त्याच दिवसांत. साक्रीची मुलगी पोरांना घेऊन येई, वरणगावचा थोरला येई, सुरतेचं बिऱ्हाड येई. महिनाभर सकाळी सहापासून दगडादगडावर कोणी ना कोणी बसलेलं असे. नातवंडं तर कोणत्या झाडाचं पाणी जास्त यावरून भांडत. महिन्याअखेरीला मोगरा असा पेटायचा की गल्लीच्या तोंडाशी टांगेवाले घोडे थांबवून उभे राहत. आबा तेव्हा कोणाशी फारसं बोलत नसत. खुरपं घेऊन पाण्याची तोंडं फिरवत नुसते हिंडायचे, आणि त्यांची टोपी दिवसभर ओली असे. त्या एका महिन्याच्या ओलाव्यावर बाग वर्षभर तग धरी. बागच का, आबाही.

मी तिथे गेल्यापासून चौथ्या की पाचव्या वर्षी पावसाने दगा दिला. त्या वर्षी दिवाळीतच पांझरा वाळूची झाली. आबांनी फाटक गल्लीला उघडं टाकलं, आणि समोरच्या घरातल्या अक्का, ज्यांच्या आवाजाला म्युनिसिपालिटीचा भोंगाही वचकून असे, त्यांना विहिरीवर नेमलं. घरटी दोन हंडे, आणि मग राहील त्यात बाकीचं. एप्रिलपर्यंत विहिरीत पुरुषभर पाणी उरलं. मोगऱ्याला कळ्या धरू लागल्या होत्या, पण पानं दुपारी माना टाकत. आबांच्या दोन आणि माझ्या दोन, अशा चार आंघोळींवर अकरा माणसांची बाग चालली होती. आबा रोज संध्याकाळी आळ्यात बोट खुपसून ओल कुठपर्यंत आहे ते बघत आणि म्हणत, "मेपर्यंत धरेल. मग बठ्ठा येतीन." बठ्ठा म्हणजे सगळे, मुलं-सुना-नातवंडं.

दरवर्षीप्रमाणे कार्डं लिहायची माझ्याकडे आली. आबांना दिसत कमी होतं आणि माझं अक्षर चांगलं होतं; दुर्दैवाने अक्षरावर मी कधीच थांबत नसे. त्यांचा मजकूर दरवर्षी एकच, "मोगरा लागला आहे. आंघोळीला या." बस्स, खाली आशीर्वाद. मला तो फार कोरडा वाटला. एवढा अवर्षणाचा काळ, एवढा सोसणारा बाप, आणि पत्रात करुणरसाचा थेंब नाही! मी मराठीचा मास्तर. आबा आत गेलेले पाहून मी तिन्ही कार्डांवर आणखी चार ओळी आपल्या पदरच्या घातल्या. इकडे पाण्याचे कसे हाल आहेत, हंड्या-हंड्यासाठी बायका कशा तिष्ठतात, विहीर कशी तळ गाठते आहे आणि या वयात आबा कसे एक-एक तांब्या पुरवून वापरतात, हे मी असं काही रंगवलं की लिहिता लिहिता माझे मलाच डोळे पुसावे लागले. वाटलं, हे वाचून पोरं मिळेल त्या गाडीने धावत येतील.

आठ-दहा दिवसांत तीन उत्तरं आली. ती वाचूनही मलाच दाखवावी लागली. साक्रीच्या मुलीने लिहिलं होतं, पाण्याचे एवढे हाल असताना आम्ही चार माणसं येऊन आबा तुम्हाला आणखी त्रास कशाला देऊ? पाऊस पडला की येतो. सुरतेहून तेच. वरणगावच्या थोरल्याने तर निघायची तयारी केलेली मुद्दाम रद्द केली होती, आणि त्याला वडिलांची किती काळजी वाटते तेही लिहिलं होतं. तिन्ही पत्रं मायेची होती. आबांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "चांगली पोरं शेत," म्हणाले, "बापाच्या पाण्याची काळजी करतात." मग बाहेर जाऊन रिकाम्या दगडांवरचा पाचोळा झाडत राहिले.

आता या अपराधाचं परिमार्जन करावं म्हणून मी जे केलं, ते अपराधापेक्षाही मोठं निघालं. मला सुचलं की पोरं नाहीत तर नाहीत, आंघोळ करणारी माणसं तर हवीत ना? शेठजींना त्या दिवसांत घामोळ्याने हैराण केलं होतं. गादीवर बसून ते फूटपट्टीने पाठ खाजवत कापड मोजत. मी गंभीर चेहऱ्याने त्यांना सांगितलं, "मोगऱ्याच्या आळ्यात, डाळीचं पीठ लावून आंघोळ केली की घामोळं तीन दिवसांत जातं. पुण्याकडे हा जुना उपाय आहे." पुण्याकडचं म्हटलं की धुळ्यात लोक आधी हसत आणि मग करून बघत. शेठजी आले, बसले, आणि दुसऱ्या दिवशी कोणास ठाऊक कसं, त्यांना खरंच बरं वाटलं. कदाचित दीड महिन्यात नीट आंघोळच केली नसेल त्यांनी. झालं, बाजारपेठेत बातमी पसरली. पहिल्या सकाळी सात माणसं, दुसऱ्या सकाळी फाटकाबाहेर रांग. कापडवाले, किराणावाले, दोन वकील, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलेले आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर.

ते दोन दिवस आबांचं काय झालं होतं ते मी विसरूच शकत नाही. कोण कुठला माणूस, नाव नाही, गाव नाही, पण आबा प्रत्येकाला हाताला धरून दगडापर्यंत नेत. "या, या. हा थोरल्याचा दगड. जपून, निसरडा शे." "वकीलसाहेब, तुम्ही दोन बादलीचे, तुम्ही मदनबाणाकडे बसा." गोणपाट इकडून तिकडे पळवत होते, पीठ वाटत होते, स्वतःच्या पंच्याने एका अनोळखी माणसाची पाठ पुसत होते. दुपारी मला म्हणाले, "मास्तर, आज अकरा कधीच मागे पडले!" आणि लहान मुलासारखे हसले. मोगऱ्याने माना उचलल्या होत्या. माझ्याही मनात आलं, चला, एका मराठीच्या मास्तरने आयुष्यात एक तरी काम धडाचं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा पोहरा वर आला तो चिखल घेऊन. त्यांनी तो पोहरा तसाच आणून माझ्या दारात ओतला. "मास्तर! हाई पाय, गाळ शे! बाजारना धटिंगण न्हायी-धुई गयात, आते मना लेकरेसले काय पाजू? तुना मोगरा?" गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मागे उभ्या होत्या.  आबा पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि अक्कांना म्हणाले, "चूक मनी शे, अक्का. माणसं पाहून मी वेडा झालो. पाणी पाहायचं राहिलं."

त्या दिवसापासून फाटक फक्त घागरींना उघडं राहिलं. विहिरीत रात्रभर जे पाझरे ते सकाळी अक्का वाटत. आबांनी आंघोळ बंद केली. माझी, स्वतःची, आणि चार वाजताचीही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि ते फडकं अनंताच्या बुंध्याशी पिळायचं, इतकंच. दोन-चार थेंब पडत. गल्लीतल्या बायका मनाने वाईट नव्हत्या. भांड्यांचं पाणी राखून आणून देत, पण त्यात राख जास्त, पाणी कमी. कळ्या न उमलताच तपकिरी झाल्या. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. कार्डांवर मी काय काय लिहिलं होतं ते मी आबांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ट्रंक-वळकटी फाटकाबाहेर जाणार.

आबांनी मदनबाणाची एक वाळकी काडी उचलून बोटात फिरवली. "खोटं तर नाही ना लिहिलं तुम्ही," ते म्हणाले. "पाण्याचे हाल शेतच. तुम्ही ते लिहिलं. मी मोगऱ्याचं लिहिलं. मी एकटा शे हे काही दोघांपैकी कोणी लिहिलं नाही." आणि मग माझी समजूत घालायला म्हणाले, "ते कार्डावर मावतबी नाही."

जूनच्या शेवटी थोरला आला, एकटाच. कोणीतरी त्याला विहिरीची बातमी दिली होती. तो भला माणूस होता. आबांनी त्याला बागेतून फिरवलं. प्रत्येक झाडापाशी वाकून ते नखाने फांदीची साल खरवडत, आत हिरवं आहे का बघत. रांग संपली. जाई, सोनचाफा, अनंत, सगळं झालं. कुठेच हिरवं नव्हतं. "चला," आबा म्हणाले. आतून एक पिशवी घेतली, कुलूप लावलं, किल्ली अक्कांकडे दिली. पाऊस त्यानंतर नऊ दिवसांनी आला. मी माझ्या खोलीच्या पायरीवर बसून तो त्या काटक्यांवर पडताना पाहत होतो.

वर्षभराने माझी बदली भुसावळला झाली, आणि एका मे महिन्यात, रविवार पाहून मी सकाळच्या गाडीने वरणगावला गेलो. कारखान्याची वसाहत, एका ओळीत आठ घरं, घरात नळ, नळाला पाणी. थोरल्याने माझं छान स्वागत केलं. सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आबा मागच्या बाजूला असतील. सकाळी दोन तास तिथेच असतात. इथे सगळं आहे हो, पण त्यांना आत बसवतच नाही."

घरांच्या मागून एक उघडी नाली गेली होती. आठही न्हाण्यांचं पाणी तिच्यात पडे. ती जिथे वळते तिथे आबा एका दगडावर बसले होते, हातात काठी. शेजारी मोगऱ्याचं एक झुडूप होतं, पानं भरपूर, कळी एकही नाही. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. मी म्हटलं, "आबा, हे तर साबणाचं पाणी." "आता कोणाला काय सांगणार," ते म्हणाले, "पण पाणी किती शे बघा!" तेवढ्यात नालीतून एक लोंढा आला, फेसाळ, कोमट. आबांनी कान दिला. "हे दुसऱ्या घरातलं. नवरा-बायको दोघंच शेत, नवीन लग्न झालेलं दिसतं, बाई रोज न्हाते." मग अगदी थोडंसं पाणी थांबत थांबत आलं. "हे पाचव्यातलं तान्हं लेकरू. अंग धुतलं की रडतं, ऐका." खरंच, कुठूनतरी बारीक रडणं येत होतं. दोनेक वर्षं ते इथे बसून त्या ओळीतल्या माणसांना पाण्यावरून ओळखायला शिकले होते. त्यांतल्या एकाशीही त्यांची ओळख नव्हती.

"मास्तर," ते जरा वेळाने म्हणाले, "शेवटच्या घरातलं पाणी चार दिवस झाले आलं नाही. पाच माणसांचं पाणी शे ते, मोजलेलं. कोणी आजारी असेल का? आमच्या घरात विचारलं तर म्हणतात, तुम्हाला काय करायचंय आबा. जाऊन विचारावं, तर कोणत्या नात्यानं विचारू?"

मी उठलो आणि ओळीच्या टोकापर्यंत गेलो. शेवटच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांना विचारलं. परत येऊन मी आबांना सांगितलं, "आजारी नाही कोणी. सुट्टी लागली ना, गावाला गेलेत. आईवडिलांकडे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठा?"

"सगळे. पोराबाळांसकट."

काठीच्या टोकाने ते चिखलात काहीतरी उकरत राहिले. "तिकडे पाणी शे ना पण?"

त्यांचं गाव कोणतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भरपूर आहे."

"मग राहू द्या महिनाभर," आबा म्हणाले. पाचव्या घरातलं उरलेलं पाणी येत होतं. त्यांनी काठीने चिखल बाजूला सारून त्याला मोगऱ्याकडे वाट करून दिली.